ट्रक धूर ओकतोय: इंजिन उतरवण्याआधी काय काय तपासायचं

“मिस्तरी, गाडी लय धूर सोडून राह्यली. सारे म्हणून राह्यले, रिंगा गेल्या.”

वणी-यवतमाळ पट्ट्यात ट्रकचं काम करणाऱ्या कुठल्याही फिटरला हे वाक्य पाठ असतं. रिंगा, म्हणजे पिस्टनवरची कडी, कधीकधी खरंच गेलेल्या असतात. पण धुराची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं काम इंजिन न उतरवता होतं, आणि ज्यांचं इंजिन उतरवलं जातं त्यातल्या काहींना त्याची गरजच नसते. सहा सिलिंडरचं इंजिन खोललं की खर्च लाखाच्या घरात जातो आणि गाडी ऐन सीझनमध्ये उभी राहते. म्हणून हा लेख ड्रायव्हर, मालक आणि हाताला काळं लागायला नुकतीच सुरुवात झालेल्या पोरांसाठी लिहितोय.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पावसाळाभर बांधावर उभी असलेली एक गाडी दिवाळीनंतर आली, निळा धूर सोडत. मी हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढलं, पिस्टन काढले, नव्या रिंगा टाकल्या. इंजिन जोडून चाबी फिरवली तर तोच निळा धूर. दोन दिवसांनी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनच्या खालच्या चेंबरमधला दाब बाहेर सोडणारा पाईप काढून पाहिला. आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं होतं. पाईप बंद, त्यामुळे चेंबरमधला दाब बाहेर पडायला वाट नाही, आणि तोच दाब ऑईल वर ढकलत होता. तार घालून पाईप मोकळा केला, धूर थांबला. मालकानं कापूस विकायच्या आधी उधारीवर रिंगा आणल्या होत्या. ती रक्कम मी मजुरीतून वळती केली, पण गाडीचे ते बारा दिवस मला परत देता आले नाहीत. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी विचारायचं, मग पाहायचं, मग फुकटात होणारी तपासणी, मग स्वस्त तपासणी. पाना सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: ड्रायव्हरला विचारा

मालकाला नाही, जो गाडी चालवतो त्याला. मालकाला डिझेलचा खर्च माहीत असतो, धुराची वेळ ड्रायव्हरलाच माहीत असते. धूर सकाळी चालू करताना येतो की दिवसभर? चढावर येतो, की उतारावर ॲक्सिलेटर सोडून पुन्हा दाबला की येतो? पिकअप कमी झालंय का? ऑईल किती दिवसांनी टाकावं लागतं? रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागतं का? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: धूर सुरू व्हायच्या आधी गाडीला काय केलं होतं? इंजिनचा डिझेल पंप काढला होता, ऑईल बदललं होतं, गाडी गरम झाली होती, की नेहमीचा पेट्रोल पंप सोडून दुसरीकडे डिझेल भरलं होतं? अर्धे निदान या शेवटच्या प्रश्नात सापडतं. एकाएकी सुरू झालेल्या धुरामागे बहुतेक वेळा काहीतरी सुटलेलं, फाटलेलं किंवा तुंबलेलं असतं. सहा महिन्यांत हळूहळू वाढलेला धूर झिजेकडे बोट दाखवतो.

दुसरी पायरी: रंग आणि वास

गाडी सपाट जागी उभी करा. शेडमध्ये नको, उघड्यावर. सूर्य तुमच्या पाठीशी असू द्या. सूर्य समोर असला की पांढरा आणि निळा यातला फरक डोळ्यांना कळत नाही. आधी थंड इंजिनवर पाहा, मग गरम झाल्यावर. आयडलवर दोन-तीन मिनिटं, मग हळूहळू रेस, मग एकदम रेस.

काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा, करपट वासाचा, म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. पांढऱ्याचे दोन प्रकार, आणि इथेच सगळे गडबडतात. डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास असलेला पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय. सायलेन्सरच्या बाहेर थोड्या अंतरावर विरून जाणारा, न झोंबणारा धूर म्हणजे पाण्याची वाफ. शंका असेल तर सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर चिमट्यात कोरा कागद धरा. पाण्याचा डाग वाळून जातो. डिझेलचा राहतो आणि वास देतो. ऑईलचा चिकट, तपकिरी पडतो.

कुलंट जिभेला लावून पाहणारे मिस्तरी मी पाहिलेत. गोड लागतं म्हणे. ते विष आहे. वासावरून कळतं, चव घेऊ नका.

काळा धूर

आपल्या भागात काळ्या धुराचं पहिलं कारण एअर क्लीनर, म्हणजे हवेचा फिल्टर. दिवसभर जिनिंगच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीच्या फिल्टरवर कापसाची तूस अशी बसते की बाहेरून गोधडी पांघरल्यासारखी दिसते. घुग्घुसकडच्या कोळशाच्या गाड्यांना तूस नसते, पण भुकटी असते, आणि ती आत घुसते. पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरवर विसंबून इथे भागत नाही.

फिल्टर काढा आणि आतून पेटता बल्ब धरा. उजेड बाहेर दिसला नाही तर बदला. टायरवर आपटून साफ करायची सवय सोडा, कागदाची घडी फाटते आणि मग धूळ थेट लायनर (सिलिंडरची आतली नळी) खाते. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबानं, नळी लांब धरून. एकदा क्षणभर फिल्टर काढून रेस देऊन पाहता येते. काळा धूर लगेच कमी झाला तर गुन्हेगार सापडला. पण धुळीच्या जागी हे करू नका, आणि टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) तोंडाजवळ हात, फडकं, गमछा जाऊ देऊ नका.

जुन्या गाड्यांत ऑईल बाथ एअर क्लीनर असतो, त्यात हवा ऑईलच्या वाटीतून गाळली जाते. त्यातल्या ऑईलचा चिखल झाला की हवा अडते. खुणेच्या वर ऑईल भरलं तर उलटं होतं, ते ऑईलच इंजिन ओढून घेतं आणि धूर निळा येतो. गाडीवरचं क्लीनर पोरगं “थोडं जास्तच टाकलं” म्हणतं, तेव्हा वाटीच आधी पाहा.

फिल्टर ठीक असेल तर टर्बोपासून इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतचे सगळे होज (रबरी पाईप) आणि क्लिप तपासा. होजला खालच्या बाजूनं चीर गेली तर आयडलवर काहीच कळत नाही. लोड आला की शिट्टीसारखा आवाज येतो, पिकअप बसतं आणि मागे काळं ढग उठतं. साबणाचं पाणी लावून दुसऱ्याला रेस द्यायला सांगा, चीर बुडबुडे दाखवते.

यानंतर दोन गोष्टी, ज्या फार कमी जण पाहतात. पहिली, एक्झॉस्ट ब्रेकची पाकळी, म्हणजे सायलेन्सरची वाट अडवून गाडी हळू करणारी झडप. ती काजळीनं अर्धवट बंद राहून अडकते. इंजिनला श्वास सोडता येत नाही, म्हणून नवा घेताही येत नाही. गाडी ओढत नाही, काळा धूर, इंजिन गरम. लिव्हर हातानं हलवून पाहा, पूर्ण उघडतो का. दुसरी, ब्रेक धरलेले असणं. पाच-सहा किलोमीटर चालवून थांबा आणि चाकांच्या ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एकाच चाकाची झळ जास्त लागली तर त्याचे ब्रेक लायनर घासतायत आणि इंजिन बिचारं ब्रेक ओढतंय. अशा गाडीचा पंप दुरुस्त करून काही होणार नाही.

इथवर सगळं ठीक निघालं तरच डिझेल पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे नोझल. नोझल टेस्टरवर लावून पाहिलं की फवारा धुक्यासारखा, सगळ्या भोकांतून सारखा आणि झटक्यात तुटणारा हवा. टोकाला थेंब लोंबायला नको. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनात नोझल उघडण्याचा दाब साधारण २०० ते २५० बार असतो, नेमका आकडा त्या इंजिनचा घ्या. टेस्टरच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. इतक्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं, वरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतून हात सडतो. असं झालं तर मलम लावत बसू नका, त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना सांगा की दाबाचं डिझेल आत गेलंय.

पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तळेगावच्या सत्याग्रही घाटात तुमची गाडी दोन गाड्यांच्या पुढे जाईल, पण जास्तीचं डिझेल जळायला हवा नसते. ते काजळी बनून रिंगांच्या खाचा भरतं आणि पिस्टनचं डोकं तापवतं. ओव्हरलोडचंही तेच. क्षमतेच्या वर रेती भरली की निरोगी इंजिनही काळं ओकतं, आणि त्याला मिस्तरीकडे औषध नाही.

पीयूसीच्या यंत्रावर मोजला जातो तो हाच धूर. बीएस-४ (प्रदूषण नियमांचा टप्पा) च्या आधीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज एककांची (धुराच्या गडदपणाचं माप) मर्यादा आहे, बीएस-४ ला ५०. फिल्टर आणि होज नीट करून गेलात तर जुनी गाडीही सहसा बसते.

पांढरा धूर

डिसेंबर-जानेवारीत गोंदिया, नागपूरकडे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा पहाटे गाडी चालू करताना चार-पाच मिनिटं पांढरा धूर आला आणि मग गेला, तर घाबरू नका. इंजिन गरम झाल्यावरही तो राहिला तर पुढे वाचा.

आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी गरम होऊ नये म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून फेकायची पद्धत पडली आहे. तो साधारण ८० अंशांच्या आसपास उघडतो आणि त्याआधी पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर गरम करणं हेच त्याचं काम. तो काढला की हिवाळ्यात इंजिन तासभर थंडच राहतं, डिझेल नीट जळत नाही, पांढरा धूर येतो, लायनर झिजतात आणि न जळलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. गरम होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा रेडिएटरच्या जाळीत बसलेली तूस असते. जाळी पंख्याच्या बाजूनं पाणी मारून धुवा आणि थर्मोस्टॅट परत बसवा.

झोंबणारा पांढरा धूर आणि जोडीला इंजिन थरथरतंय, म्हणजे एखादा सिलिंडर काम करत नाही. आधी डिझेल पाहा. वॉटर सेपरेटरमधून (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भागातून) काचेच्या बाटलीत डिझेल काढा आणि रात्रभर ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळं बसतं. शेतावर पावसाळ्यात ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलमध्ये हे हमखास मिळतं. डिझेल स्वच्छ असेल तर पंपाचं टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) पाहा, विशेषतः पंप नुकताच काढून बसवला असेल तर. टायमिंग मागे राहिलं की पांढरा धूर येतो.

न झोंबणारी वाफ असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा, पाणी काठोकाठ भरा आणि गाडी चालू करा. सलग बुडबुडे येत राहिले तर हेड पॅकिंग (हेडखालचं पॅकिंग) गेलं, हेड वाकलं किंवा त्याला तडा आहे. डिपस्टिकवर (ऑईल मोजायच्या पट्टीवर) किंवा ऑईलच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखा पांढरट थर दिसला तर ऑईलमध्ये पाणी उतरलंय, गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नका. गरम इंजिनचं झाकण मात्र कधीच उघडू नका. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ च्या वर असताना गाडी गरम झाली की ड्रायव्हर घाबरून तापलेल्या इंजिनवर थंड पाण्याची बादली ओततो. हेडला तडा जातो तो त्या बादलीनं. गाडी सावलीत लावा, तास-दीड तास थांबा, मग पाणी घाला.

निळा धूर

सुरुवात डिपस्टिकपासून. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. ऑईल वरच्या खुणेच्या वर असेल तर काढा, कित्येक निळे धूर एवढ्यानं थांबतात. न टाकताच ऑईल वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास असेल तर गाडी चालूच करू नका. नोझल किंवा फीड पंपातून डिझेल खाली उतरतंय.

मग ब्रीदर. माझी कहाणी वर आलीच आहे. पाईप काढा, फुंकून पाहा, आतून उजेड दिसतो का ते पाहा.

त्यानंतर टर्बो. होज काढून शाफ्ट बोटानं हलवा, अर्थातच इंजिन बंद आणि थंड असताना. आडवा किंचित हलला तर चालतं. पुढे-मागे जाणवण्याइतका हलला किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो गेला. इंटरकूलरच्या पाईपमध्ये ऑईलचा पातळ थर असतोच, तळाशी साचलेलं असेल तर चिंता. पण नवा टर्बो घ्यायच्या आधी त्याचा ऑईल परतीचा पाईप तुंबलाय का पाहा, तो तुंबला तर चांगला टर्बोही ऑईल गाळतो. आणि ड्रायव्हरभाऊ, घाट चढून आल्यावर लगेच चाबी बंद करू नका. दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या, टर्बोचं ऑईल आतच जळून कोळसा होणार नाही.

टर्बो किंवा झिजलेलं इंजिन खूप ऑईल ओढू लागलं की एक भयंकर गोष्ट घडू शकते. इंजिन स्वतःच्या ऑईलवर चालू लागतं, रेस आपोआप वाढत जाते, चाबी बंद केली तरी थांबत नाही. तेव्हा डिझेल बंद करून उपयोग नसतो. ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा, इंजिन दाबलं जाऊन बंद पडतं. नाहीतर हवेच्या तोंडावर फळी दाबून हवा बंद करा. तळहात किंवा फडकं लावू नका, ते आत ओढलं जातं. दोन्ही जमलं नाही तर लांब पळा, इंजिन फुटू शकतं.

हे सगळं ठीक निघालं तर मग झीज. वेळ पाहा. रात्रभर उभ्या गाडीनं सकाळी चालू होताच निळा भपका सोडला आणि मग साफ झाली, तर वॉल्व्ह सील. चढावर, लोडवर सतत निळा, आणि ऑईलचं झाकण सैल करून ठेवलं तर आतून भक्-भक् धूर मारतोय, झाकण नाचतंय, तर रिंगा-लायनर. हजार किलोमीटरला लिटरपेक्षा जास्त ऑईल मागणाऱ्या गाडीकडे मी गंभीरपणे पाहतो.

कुठला सिलिंडर?

थंड इंजिन चालू करा आणि मिनिटभरात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या पाईपच्या) प्रत्येक फाट्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. जिथे थेंब चटकन उडत नाहीत तो सिलिंडर जळत नाहीये.

जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात आयडलवर एकेका नोझलच्या पाईपचा नट किंचित सैल करून पाहतात. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करत होता, बदलला नाही तर तोच दोषी. चष्मा घाला, नटावर फडकं धरा, तोंड लांब ठेवा. कॉमन रेल इंजिनवर, म्हणजे जिथे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं तिथे, मात्र हे कधीही करू नका. तिथे रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो आणि चालू इंजिनवर नट सैल करणं जिवावर बेतू शकतं. तिथे स्कॅनर लावूनच एकेक सिलिंडर बंद करून पाहायचा.

टॅपेटही, म्हणजे वॉल्व्हची फट, या टप्प्यावर तपासा. वॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं आणि आपण रिंगांना दोष देतो. कमिन्सच्या सहा सिलिंडर ५.९ लिटर इंजिनला थंड असताना ही फट इनलेट ०.२५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.५० मिमी. हा आकडा दुसऱ्या इंजिनला लावू नका, ज्याचा त्याचा वेगळा.

मग कंप्रेशन गेज. बॅटरी भरलेली, इंजिन गरम, डिझेल बंद. एकटा आकडा फार काही सांगत नाही, सहांतला फरक सांगतो. पाच जवळपास सारखे आणि एक दहा-पंधरा टक्क्यांहून खाली, तर तिथेच खोट. शेजारचे दोन खाली, तर दोघांमधलं हेड पॅकिंग. सगळेच सारखे खाली असतील तर झीज. पेट्रोल गाडीसारखं सिलिंडरमध्ये ऑईल ओतून पुन्हा मोजू नका. डिझेल इंजिनमध्ये वर जागाच इतकी कमी असते की ऑईलनंच आकडा फुगतो.

त्यापेक्षा चांगला उपाय पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरमध्ये आहे. त्या सिलिंडरचा पिस्टन दोन्ही वॉल्व्ह बंद असताना अगदी वर आणा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, फिरवायचा पाना काढून घ्या, नोझलच्या जागी ॲडाप्टर लावून हवा सोडा आणि कान द्या. एअर क्लीनरकडे फुसफुस, तर इनलेट वॉल्व्ह. सायलेन्सरकडे, तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. ऑईलच्या झाकणातून, तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे, तर पॅकिंग किंवा हेड. आता इंजिन उतरवायचं असेल तर उतरवा, काय काढायचं हे तुम्हाला माहीत आहे.

बीएस-६ गाड्या

१ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर काजळीचा फिल्टर असतो. अशी गाडी काळा धूर दाखवत असेल तर तो फिल्टर फुटलाय किंवा कुणी तरी आतून पोकळ केलाय. तो पोकळ करून देणाऱ्यांकडे जाऊ नका, मूळ दोष तसाच राहतो. डॅशबोर्डवर फिल्टर साफ करण्याचा दिवा आला की गाडी स्वतः काजळी जाळते आणि सायलेन्सर ५०० अंशांच्या वर तापतो. हे काम जिनिंगच्या आवारात, कापसाच्या गंजीजवळ, वाळल्या गवतावर किंवा पऱ्हाटीच्या ढिगाशेजारी उभं राहून होऊ देऊ नका. डांबरी किंवा मोकळ्या मुरमाच्या जागेवर या. एका ठिणगीत वर्षभराचा कापूस जातो.

काम झाल्यावर

गाडी रिकामी फिरवून मालकाच्या ताब्यात देऊ नका. भरलेली गाडी एकदा चढावर नेऊन आणा. ऑईल आणि पाणी दोन्हींच्या पातळीची खूण लिहून ठेवा, पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पाहा. आणि ड्रायव्हरला त्याच वहीत धुराचा रंग लिहायला सांगा: तारीख, थंड की गरम, चढ की सपाट.